बोट गेली की बोट गेलं

त्या उन्हाळ्यात माझं पोस्टिंग एका तळ्यावर झालं. दिंडोरीला घरी फोन केला तेव्हा बायकोने विचारलं, "तळ्यावर काय करतात?" मी म्हणालो, "होडी वल्हवतात आणि मासे धरतात." मग ती म्हणाली, "सांगायचं नसेल तर नका सांगू." माझ्या सगळ्या नोकरीत मी तिला पहिल्यांदाच पूर्ण खरं सांगितलं होतं, आणि नेमकं तेच तिने खोटं मानलं.

तळ्याचं नाव मी सांगणार नाही. हिमालयात आहे, तेरा हजार फुटांच्या वर आहे, आणि गाडीचा रस्ता संपल्यावर दिवसभर चालावं लागतं. जूनमध्येही सावलीच्या बाजूला पाण्यावर बर्फाचे पापुद्रे तरंगत असतात. तळ्याचा आकार विळ्यासारखा. मुठीच्या जागी आमचा कॅम्प. पात्याच्या टोकाला बर्फातून येणारा ओढा. आणि मधे डोंगराचं एक नाक पाण्यात घुसलेलं, त्यामुळे कॅम्पवरून ओढ्याचा काठ दिसत नाही. काठाकाठाने चालत तिकडे जायचं तर एकीकडे कडा आणि दुसरीकडे सुटे धोंडे, अर्धा दिवस मोडतो. पाण्यातून गेलं तर अर्ध्या तासाचं काम.

आम्ही तिथे अॅडव्हेंचर ट्रेनिंगसाठी होतो. पलटणीतून जवानांची तुकडी यायची आणि कयाक चालवायला शिकून परत जायची. कयाक म्हणजे लांबट, निमुळती होडी. भुईमुगाच्या शेंगेत दाणा बसतो तसा माणूस तिच्यात कमरेपर्यंत बसतो आणि दोन्ही टोकांना पातं असलेलं वल्हं मारतो. आमच्याकडे एकट्याने चालवायच्या दोन होत्या, एक लाल आणि एक पिवळी. तिसरी दोघांची, जड आणि हट्टी. तिला जवान 'म्हैस' म्हणायचे.

शिकवणारे कॅप्टन नायर. केरळचे. चालायच्या आधी पोहायला शिकलेला माणूस. पाण्यावर त्यांचा हात कधी चुकला नाही. हिंदीत मात्र रोज चुकायचा. "चाय आया, बोट आया, कदम आयी." कदम म्हणजे मी, हवालदार कदम, मिशी धरून सव्वा ऐंशी किलो. मी कधी दुरुस्त केलं नाही. अधिकाऱ्याला दुरुस्त करण्याआधी माणसाने आपलं पेन्शन किती दूर आहे ते पाहावं.

माझ्याबरोबर दोघं नाशिक जिल्ह्यातलेच. लान्स नायक काशिनाथ गावित सुरगाण्याचा, डोंगरातला, कमी बोलणारा. नायक दत्तू अहिरे सटाण्याकडचा, बागलाणी, अहिराणी बोलणारा. त्याचं तोंड बंद असलं की आम्ही तो आजारी आहे का ते पाहायचो.

तळ्यात ट्राऊट होते. लाल ठिपक्यांचा, थंड पाण्यातला देखणा मासा. फिशरीजवाल्यांनी कधी काळी पिल्लं सोडली होती आणि ती तिथे रमली. कॅप्टन साहेबांनी गळाचा रीतसर परवाना काढला होता, त्यामुळे सुट्टीच्या दिवशी मासे धरायला हरकत नव्हती. डब्यातलं खाऊन कंटाळलेल्या माणसाला ताज्या ट्राऊटची चव काय लागते, ते मी सांगत बसलो तर गोष्ट राहून जाईल.

गावित आणि अहिरे यांच्यात माशांवरून रोज जुंपायची.

"तुझ्या गावाला नदी तरी हाय का?" गावित विचारायचा.

"आमना गावले नदी शे."

"पाणी हाय का तिला?"

"एक टाइमले एकच इचार."

मग अहिरे उलट विचारायचा, "तुमच्याकडे डोंगरात मासे कसे धरता रे?"

"हातानं."

"आणि नाय सापडले तर?"

"तर नागलीची भाकर हाय."

प्रत्यक्षात दोघांनाही ट्राऊटने सारखंच नाचवलं. हा मासा गांडुळाकडे बघायचा आणि निघून जायचा. शेवटी अहिरेने लंगरच्या, म्हणजे आमच्या स्वयंपाकघराच्या, कोंबड्याचं पीस गळाला बांधून खोटी माशी केली. त्या दिवशी मासा लागला, आणि त्या दिवसापासून लंगरचा कोंबडा अहिरेला पाहून पळू लागला. गावितने त्याच आठवड्यात गळ माशाऐवजी स्वतःच्या बोटात घातला. कॅप्टन साहेबांनी तो पकडीने काढला. गावित हूं की चूं बोलला नाही. अहिरे त्याच्या वतीने ओरडला.

आता सेटबद्दल सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर आहे.

वायरलेस सेटवर बोलताना बाजूचं एक बटण दाबून धरावं लागतं. त्याला प्रेसल म्हणतात. दाबलं की तुमचा आवाज जातो, सोडलं की समोरच्याचा येतो. अहिरे त्याआधी एका उंच चौकीवर होता. तिथे बॅटरी पाठीवरून चढवावी लागायची, म्हणून बॅटरी वाचवा असा सक्त हुकूम होता. अहिरेने तो हुकूम मनावर घेतला. बोलणं संपायच्या जरा आधीच तो प्रेसल सोडायचा. प्रत्येक निरोपाचं शेवटचं अक्षर तो सरकारला परत करायचा.

एकदा त्याने खालच्या पोस्टवर निरोप दिला, "राशन कल आय…" आता हिंदीत 'कल' म्हणजे काल पण आणि उद्या पण. सगळा उलगडा शेवटच्या अक्षरात, आणि ते अहिरेच्या अंगठ्याखाली मेलेलं. राशन काल आलं की उद्या येणार, यावर खालच्या पोस्टवर दिवसभर वाद झाला. दोन जवानांनी आपापसात बोलणं सोडलं. मी त्याला समजावलं, "अहिरे, आपल्या भाषांची सगळी इस्टेट शेवटच्या अक्षरात असते रे. बाई की बुवा, आला की येणार, सगळं तिथे कळतं." तो म्हणाला, "बरोबर शे दादा. ध्यानात ठेवतो." दुसऱ्या दिवशी सेटवर आवाज आला, "ध्यान में रख लिय…"

आणखी एक. सेटवर हिंदीतच बोलायचं, हा नियम. अहिरे तो पाळायचा. पण चिडला, घाबरला किंवा फार खूश झाला की हिंदी सुटायची आणि अहिराणी वर यायची. पहिला मासा लागला तेव्हा सेटवर त्याने जे काही सांगितलं, ते समजायला कॅप्टन साहेबांनी माझ्याकडे पाहिलं आणि मी आकाशाकडे पाहिलं.

ट्रेनिंग संपलं. तुकडी खाली गेली. सामान बांधून कॅम्प बंद करायला आम्ही चौघं मागे राहिलो. शेवटच्या सकाळी गावित आणि अहिरेने ओढ्याकडे जायची परवानगी मागितली. वर्ष भरायच्या आत पुन्हा मासा मिळणार नव्हता. कॅप्टन साहेब म्हणाले, "बारह बजे के पहले वापस."

या वेळेला कारण होतं. तिथे दुपारी वारा सुटतो. सकाळी तळं परातीतल्या पाण्यासारखं असतं. दुपारनंतर खिंडीतून वारा उतरतो आणि तासाभरात हातभर लाटा उठतात. वारा सुटला की कुणीही पाण्यावर जायचं नाही, हा तिथला पक्का हुकूम. कारण ते पाणी. लाइफ जॅकेट घातलेला माणूस त्यात बुडत नाही. पण आधी त्याची बोटं वळायची थांबतात, मग हात, मग विचार. चांगला जवान तासभर काढतो. तासानंतर मी कुणाला काढताना पाहिलं नाही.

सातच्या सुमारास दोघं निघाले. गावित लाल कयाकमध्ये, अहिरे पिवळीत. सेट अहिरेकडे, प्लॅस्टिकच्या पिशवीत. जाताना अहिरे म्हणाला, "दादा, मसाला काढून ठेवजो." गावित म्हणाला, "कांदा पण. मासा नाय मिळाला तर कांदा तरी."

नऊला सेटवर कळलं, दोन मासे. ओव्हर ऐकू आलं नाही, पण ते धरूनच चाललो. आम्ही तंबू उतरवत होतो. साडेदहाला तंबूचं कापड माझ्या हातातून सुटलं आणि मला वाटलं, कॅप्टन साहेबांनी ओढलं. साहेब माझ्या मागे उभे होते. ते तळ्याकडे पाहत होते. खिंडीकडून पाण्यावर एक काळा पट्टा सरकत येत होता. वारा दीड तास आधी आला होता.

साहेबांनी कॅम्पवरचा सेट उचलला आणि अहिरेला पुकारलं. "अल्फा टू, अल्फा वन. जहाँ हो वहीं रुको. किनारे पे रुको. ओवर."

उत्तर नाही. पुन्हा विचारलं. फक्त खरखर. पाण्याच्या मधोमध पांढरा फेस दिसायला लागला. दुर्बिणीतून डोंगराचं नाक दिसत होतं, त्याच्या पलीकडचं काही नाही.

मग अहिरेचा आवाज आला. वारा, खरखर, आणि त्यातून हे एवढंच:

"गावित… बोट ग…"

आणि प्रेसल सुटलं.

साहेबांनी लगेच विचारलं, "अल्फा टू, फिर से बोलो." काही नाही. "अल्फा टू." काही नाही. साहेब माझ्याकडे वळले.

"क्या बोला, कदम?"

"सर, या तो बोट गई, या तो बोट गया."

"क्या फरक है?"

हा प्रश्न केरळचा माणूसच विचारू शकतो. मी म्हणालो, "सर, मराठी में बोट बोले तो नाव भी और उंगली भी. बोट गेली, मतलब नाव गयी. बोट गेलं, मतलब उंगली गयी. आखिर का अक्षर नहीं आया सर."

साहेबांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी थट्टा करतोय. मग त्यांना कळलं की मी करत नाहीये.

फरक काय होता, ते सांगतो. गावितचं बोट गेलं असेल, म्हणजे गळ घुसला असेल किंवा मासा कापताना सुरी लागली असेल, तर दोघंही काठावर होते. सुरक्षित. फडकं बांधायचं, धोंड्याच्या आडोशाला बसायचं, संध्याकाळी वारा पडला की आम्ही आणायला जाणार. त्यासाठी आत्ता पाण्यावर उतरणं म्हणजे हुकूम मोडणं आणि एका बोटासाठी आणखी दोन जीव लावणं. गावितची बोट गेली असेल तर गावित पाण्यात होता. मग संध्याकाळ त्याच्या कामाची नव्हती.

आणि बोटाची शक्यता मुळीच कमी नव्हती. आधी एकदा तो गळाने बोट फाडून घेऊन बसलाच होता.

"सेट पे वो हिंदी बोलता है ना?" साहेबांनी विचारलं. "हिंदी में बोट मतलब बोट ही है. फिनिश."

"जी सर. लेकिन घबराया तो अहिराणी. तब बोट मतलब उंगली भी."

"ये हिंदी था या अहिराणी?"

गावित. बोट. ग. तिन्ही गोष्टी दोन्ही भाषांत सारख्या. एक 'है' आला असता, एक 'शे' आला असता, तर काम झालं असतं. साहेब थांबले होते. हातातलं घड्याळ ते पाहत नव्हते, पण मला त्याची टिकटिक ऐकू येत होती असं वाटत होतं. मी डोळे मिटले आणि तो आवाज परत ऐकला. शब्द नाही, नुसता आवाज. आणि मला जे ऐकू आलं ते मला आवडलं नाही.

"सर, वो शांत था."

"तो?"

"गावितला काटा लागला तरी अहिरे ओरडतो, सर." मी मराठीत बोलत होतो हे माझ्या लक्षात आलं नाही. मग हिंदीत म्हणालो, "उंगली होती तो वो चिल्लाता. अहिराणी में चिल्लाता. इतना शांत वो सिर्फ ड्रिल में बोलता है. ड्रिल मतलब हिंदी. हिंदी मतलब नाव."

"पक्का?"

"पक्का नहीं सर. लेकिन नाव."

साहेबांनी सेट माझ्या छातीच्या खिशात कोंबला आणि म्हणाले, "भैंस निकालो."

म्हैस पाण्यात ढकलली. मी पुढे, साहेब मागे. कमरेभोवतीची रबरी झालर ओढून घेतली की पाणी आत येत नाही, असं पुस्तकात लिहिलेलं आहे. पहिल्या लाटेने ते पुस्तक वाचलेलं नव्हतं. पाणी मांडीवर आलं तेव्हा मी श्वास घेतला आणि तो सोडायचं विसरलो.

"बात नहीं," मागून साहेब म्हणाले. "जो मैं बोलूँ, वो."

"जी सर."

"लेफ्ट. लेफ्ट. राइट. होल्ड."

लाट उजवीकडून येत होती. आडवी लाट लागली की कयाक कुशीवर जाते. लाटेकडे तोंड केलं की पुढे जाता येत नाही. साहेब मधला रस्ता काढत होते, एका लाटेत तोंड, दुसऱ्या लाटेत कूस. नाकाच्या टोकाशी वारा दोन बाजूंनी येतो. तिथे म्हैस आडवी झाली. माझा कान पाण्याला लागला. साहेबांनी वल्ह्याचं पातं पाण्यावर सपाट हाणलं, त्यावर अख्खा भार टाकला, आणि आम्ही परत सरळ झालो. त्यांनी एवढंच म्हटलं, "राइट. राइट." जणू मधे काही झालंच नाही.

नाक ओलांडलं आणि समोरून पिवळी कयाक आली. उलटी. पोट आकाशाकडे.

पिवळी अहिरेची होती. निरोप गावितच्या बोटीचा होता.

थोडं पुढे धोंड्यांना लागून लाल कयाक आपटत होती. तीही रिकामी.

"दोनों?" साहेब म्हणाले.

मी वल्हं मारत राहिलो.

ओढ्याच्या तोंडाशी, काठापासून दगड फेकला तर पोहोचेल एवढ्या अंतरावर, पाण्यातून एक काळा खडक वर आलेला आहे. म्हशीच्या पाठीएवढा. त्याच्यावर गावित पालथा पडला होता. त्याचा उजवा हात खाली पाण्याकडे लोंबत होता. मला आधी वाटलं, तो मेला आहे आणि हात तसाच राहिला आहे. जवळ गेल्यावर दिसलं की तो हात अहिरेला धरून होता.

अहिरे छातीपर्यंत पाण्यात होता. त्याच्या लाइफ जॅकेटच्या मानेशी पट्ट्याची एक कडी असते. गावितने तिच्यात दोन बोटं घालून पिळा दिला होता, म्हणजे हात गारठला तरी सुटायला नको. लाट आली की अहिरे वर जायचा, लाट ओसरली की त्याचं सगळं वजन त्या दोन बोटांवर यायचं.

काय झालं होतं ते गावितने नंतर सांगितलं. वारा सुटताना दोघं परत निघायच्या तयारीत होते. गावित पाण्यात उतरला होता, अहिरे काठावर सामान बांधत होता. पहिल्याच झोताने गावितची कयाक उलटली आणि वाऱ्याने तिला लांब नेलं. अहिरेने सेट काढला, निरोप दिला, सेट ठेवला, आणि पिवळी कयाक घेऊन आत गेला. त्याने गावितला मागच्या दोरीला धरायला लावलं आणि खडकापर्यंत ओढत आणलं. खाली घुसून खांद्याने त्याला वर ढकललं. त्यात त्याची कयाक उलटली. गावित वर चढला. अहिरेला चढता आलं नाही. तोवर त्याची बोटं वळत नव्हती. गावितनेही त्याला ओढून पाहिलं, पण त्याच्याही अंगात ताकद उरली नव्हती. ओढता येत नव्हतं, म्हणून धरून ठेवलं.

मी खडकावर उतरलो. साहेबांनी म्हैस आडोशाला लावली. गावितची बोटं मला कडीतून काढावी लागली. ती त्याच्या सांगण्यावरून हलत नव्हती. निळी नव्हती, पांढरी झाली होती, मेणासारखी.

"सोड, काशिनाथ. मी धरलंय."

"नाय."

"अरे मी धरलंय."

"दाखव."

मी माझा हात त्याच्या डोळ्यांसमोर नेला, मग पट्ट्याला लावला. तेव्हा तो सुटला.

अहिरेचे डोळे उघडे होते. तो माझ्याकडे पाहत होता आणि ओळखत होता. ओठ हलले. मी कान खाली नेला. तो म्हणाला, "सेट दगडवर शे, दादा."

हे वाक्य पूर्ण होतं.

चौघं एका कयाकमध्ये मावत नाहीत. गावितला पुढच्या जागेत बसवलं, अहिरेला साहेबांच्या मागे आडवं टाकून दोरीने बांधलं. काठ जवळच होता. साहेब त्यांना सोडून मला न्यायला परत आले. मधल्या वेळात मी खडकावर एकटा होतो, त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही.

सेट खरोखरच काठावरच्या दगडावर होता. अहिरेने आपला कोट काढून त्यात गुंडाळून ठेवला होता, ओला होऊ नये म्हणून. तो कोट मी अहिरेच्या अंगावर घातला. तो कोरडा होता. साहेबांनी स्वतःचा शर्ट काढला आणि त्याला छातीशी धरून झोपले. गावितला मी धरलं. माझ्या खिशातला सेट पाण्याने बंद पडला होता, म्हणून मी अहिरेचा घेतला, खालच्या पोस्टला हेलिकॉप्टर मागितलं, आणि प्रेसल इतकं दाबून धरलं की पलीकडचा माणूस चिडला, "अबे छोड़, मुझे भी बोलने दे."

हेलिकॉप्टर तयार होतं. खिंडीतला वारा त्याला येऊ देत नव्हता. दर थोड्या वेळाने खालून विचारणा व्हायची, "विंड कैसा है?" आणि मी सांगायचो, "वैसा ही."

दोनच्या आधी अहिरे गेला. साहेब बराच वेळ उठले नाहीत. मग उठले आणि त्यांनी शर्ट घातला. बटणं लावायला त्यांना वेळ लागला.

चारनंतर वारा पडला. तळं असं शांत झालं की त्यात डोंगर उलटा दिसत होता. हेलिकॉप्टर आलं.

गावितची दोन बोटं हॉस्पिटलात काढावी लागली. तेव्हा बोट गेली होती हे खरं, आणि बोट गेलं हेही खरं. फक्त क्रम मागेपुढे झाला. ही गोष्ट गावित स्वतः सांगतो आणि सांगताना हसतो. त्याने आधी सांगितली नसती तर मी ती इथे सांगितली नसती.

फौजेत मरणाचेही वर्ग असतात. शत्रूच्या गोळीने गेला तर एक, अपघाताने गेला तर दुसरा. अहिरेच्या कागदावर दुसरा लागला. आम्ही कुणी तक्रार केली नाही. फौजेचा हिशेब फौजेला ठाऊक.

तक्रार झाली ती गावात. गेल्या वर्षी त्याच्या गावच्या शाळेला फाटक बांधलं. त्यावर अहिरेचं नाव लिहायचं ठरलं आणि आम्हाला बोलावणं आलं. मी दिंडोरीहून गेलो, गावित जीप बदलत बदलत सुरगाण्याहून आला. कॅप्टन साहेब आता कर्नल आहेत, त्यांना रजा मिळाली नाही. मांडव होता, खुर्च्या होत्या, फाटकाजवळ पेंटर ब्रश घेऊन उभा होता. त्याने विचारलं, नावाआधी 'शहीद' लिहायचं ना. तेव्हा मागच्या रांगेतून एक जण म्हणाला, "शहीद कशाचा? मासा धराले गयथा तो."

मी उठणार होतो. माझ्याकडे उत्तर तयार होतं, लांबलचक, टाळ्या घेणारं. गावितने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि स्वतः उभा राहिला. माइक दिला तो त्याने घेतला नाही.

"खरं हाय," तो म्हणाला. "मासे धरायलाच गेला होता. आम्ही दोघंबी. मासे धरून झाले होते. तो काठावर होता, कोरडा. त्याला काय झालं नव्हतं. मग परत उतरला. तवा मला धरायला उतरला."

आणि तो बसला.

अहिरेचे वडील पहिल्या रांगेत होते. ऐंशीच्या पुढचे, काठी घेऊन. त्यांनी पेंटरला जवळ बोलावलं.

"नाव लिख," ते म्हणाले. "त्याना पुढे काही नको लिखू. आमले मालूम शे."

पेंटरने लिहिलं. हुद्दा, नाव, गाव. तो लिहीत होता तोवर गावित आणि मी फाटकासमोर सावधान उभे राहिलो. रंग वाळला, लोक जेवायला उठले. आम्हाला विश्राम म्हणणारं तिथे कुणी नव्हतं, म्हणून आम्ही बराच वेळ तसेच उभे होतो.